अनुदानाची ओळ शेवटच्या पानावर

चि. बाळ,

तुझ्या मशीनशॉपचा प्रकल्प अहवाल नीट वाचला. मशीनची निवड योग्य आहे, काम तुला कळतं, आणि पुण्यात व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनवर, उभं राहून जे शिकलीस ते पानोपानी दिसतं. खटकली ती पहिल्या पानावरची मांडणी. प्रकल्प खर्च 25 लाख, लगेच त्याखाली शासकीय अनुदान 8.75 लाख, आणि पुढचं सगळं गणित त्या आकड्यावर बेतलेलं. ती ओळ तिथून काढ आणि शेवटच्या पानावर ने. का, ते सविस्तर लिहितो. सरकारकडून काय घ्यायचं आणि कशावर अवलंबून राहायचं नाही, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढची बरीच वर्षं सोपी जातात.

आधी तू धरलेल्या योजनेचं पाहू. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 साली सुरू झाला. महिला म्हणून तू विशेष प्रवर्गात येतेस, युनिट ग्रामीण भागात काढणार आहेस, म्हणून 35 टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त 5 टक्के. शहरात आणि सर्वसाधारण प्रवर्गात हेच अनुदान 15 टक्क्यांवर येतं. इथवर तुझं बरोबर आहे. पण हे पैसे तुझ्या हातात पडत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतात. त्यावर तुला व्याज नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँक तुला व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट खरंच चालू आहे का याची पडताळणी होते, मग रक्कम कर्जखात्यात वळती होते. शिवाय जिल्हा उद्योग केंद्र फक्त शिफारस करतं. कर्ज द्यायचं की नाही, हे बँक ठरवते. योजनेच्या मर्यादा आणि अटी शासन निर्णयाने बदलतात, म्हणून केंद्रात जाऊन ताजा शासन निर्णय स्वतः वाच. एजंटाच्या तोंडून ऐकलेली योजना ही निम्मी योजना असते.

आता हिशेब कर. 11 टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धर. अनुदान मिळालं आणि ते व तुझे 1.25 लाख वजा जाऊन कर्ज 15 लाखच राहिलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 32,600. अनुदान कुठे अडकलं आणि 23.75 लाखांचा पूर्ण बोजा तुझ्यावर आला, तर 51,600. फरक 19 हजारांचा. तू तासाचा दर 400 धरला आहेस, म्हणजे महिन्याला जवळपास 48 तासांचं जादा काम, आठ तासांच्या सहा पाळ्या. हे जड आहे, पण अशक्य नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे आणि ती तू पाहिलेलीच नाहीस. पंचवीस दिवस, दोन पाळ्या, म्हणजे 400 तास, आणि त्यातले 90 टक्के तास पहिल्या महिन्यापासून मशीन चालणार असं तू लिहिलंस. नव्या माणसाला कोणी पहिल्या महिन्यात 360 तासांचं काम देत नाही. आधी चार नग देतात, माप तपासतात, वेळ पाळतेस का बघतात. निम्मं काम धर, म्हणजे 200 तासांचे 80 हजार. मोठा हप्ता गेला की 28,400 उरतात. त्यात ऑपरेटरचा पगार, गाळ्याचं भाडं, वीज आणि इन्सर्ट, म्हणजे झिजणारी कापायची पाती, बसव बघू. नाही बसत. म्हणून बँकेत पहिली गोष्ट बोलायची ती सुरुवातीच्या महिन्यांच्या हप्त्याच्या सवलतीची, आणि दुसरी खेळत्या भांडवलाची. तू या दोन्हींना मिळून अर्धं पान दिलंयस आणि अनुदानाला अडीच.

माझ्यावर रागावू नकोस. अनुदान घ्यायचंच, तो तुझा हक्क आहे. पण त्याच्याशिवायही युनिट उभं राहतं, हे कागदावर दिसल्यावर मग घ्यायचं.

राज्याची मदत म्हणजे अनुदान, हा समज आपल्या कोल्हापूर भागातल्या माणसाने तरी बाळगू नये. आपल्याकडचा उद्योग कशावर उभा राहिला ते बघ. शाहू महाराजांनी 1895 साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. 1906 साली सूतगिरणीचा पाया घातला. मग राधानगरीचं धरण हाती घेतलं, जयसिंगपूरची पेठ बसवली. व्यापाऱ्याला बसायला जागा दिली, शेताला पाणी दिलं, माल जमेल आणि विकला जाईल अशी पेठ दिली. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, त्यामागे जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचं प्रोत्साहन होतं. आणि औंध संस्थानाचं तर तुला ठाऊक असेलच. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचं माळरान दिलं, कर्जही दिलं, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. त्याच संस्थानाच्या पाठबळावर कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा काच कारखाना झाला. ही संस्थानं कुठे मोठी श्रीमंत होती? पण एका कारखानदाराला एकट्याने जमणार नाही ते त्यांनी आपल्याकडे घेतलं, आणि कारखाना चालवणं त्याच्यावर सोडलं. राज्याच्या मदतीची याहून चांगली रीत मला अजून दिसलेली नाही.

महाराष्ट्र झाल्यावर याच विचाराला कायद्याचं रूप आलं. 1961 चा औद्योगिक विकास कायदा, आणि 1 ऑगस्ट 1962 ला स्थापन झालेली एमआयडीसी. जमीन संपादन करायची, रस्ते, पाणी, दिवे करायचे, प्लॉट पाडायचे आणि 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, ही सगळी आपली कमाई त्यातून आलेली. नुसत्या मोकळ्या बाजारावर सोडलं असतं, तर आपल्यासारख्या जिल्ह्यात एका जागी इतक्या फौंड्र्या आणि मशीनशॉप उभी राहिली नसती. 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजनाही आहे. तालुक्यांचे गट पाडून मागास भागाला जास्त सवलत, हा तिचा गाभा. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात सगळं एकवटू नये म्हणून. आपला तालुका कोणत्या गटात आहे ते केंद्रातून लेखी घे. वीज शुल्क माफी आणि मुद्रांक शुल्क माफी त्या गटावर ठरते, आणि तुझ्या आकाराच्या युनिटला प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या सवलती त्यात सापडतील.

पण प्लॉट घ्यायची घाई करू नकोस. ठरल्या मुदतीत बांधकाम पूर्ण करून दाखला घ्यावा लागतो, नाहीतर मुदतवाढीचं शुल्क भरत बसावं लागतं. पहिली तीन वर्षं भाड्याचा गाळा बरा. इथे मनातलं एक बोलतो. एमआयडीसीत फिरशील तेव्हा तारेचं कुंपण आणि आत गवत, असे प्लॉट दिसतील. कारखाना काढायच्या नावावर घेतलेली जमीन भाव वाढायची वाट बघत पडून असते, आणि तुझ्यासारखी मुलं गाळ्यासाठी दारोदार फिरतात. ज्या शेतकऱ्याची ती जमीन गेली त्याच्याशीही ही बेइमानी आहे. पडून राहिलेले प्लॉट परत घ्यायचा अधिकार शासनाला आहे, तो कठोरपणे वापरलाच पाहिजे. ही मागणी तुम्ही तरुणांनी लावून धरा.

विजेचंही तसंच. कागलच्या पुढे थोडं गेलं की कर्नाटक लागतं. 2013 च्या सुमाराला वीजदराला कंटाळून आपल्याकडच्या कारखानदारांनी तिकडे जायची भाषा केली होती. फौंड्रीत भट्टी विजेवर लोखंड वितळवते, तिथे युनिटमागे रुपयाचा फरकही कास्टिंगच्या किलोच्या दरात उतरतो. शासन अशा वेळी थोडं वाकतं ते उद्योजक एकत्र उभे राहतात म्हणून. एकट्या माणसाचा अर्ज टेबलावर पडून राहतो. म्हणून युनिट सुरू होताच असोसिएशनची सभासद हो. शिरोलीत स्मॅक आहे, गोकुळ शिरगावात गोशिमा, शहरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन. बैठकीला मागच्या खुर्चीत बसून परत येऊ नकोस, बोल. तिथे बायका कमी दिसतील, तरी बोल.

असोसिएशनचा आणखी एक उपयोग म्हणजे सामाईक सुविधा. क्लस्टर, म्हणजे एका भागातल्या युनिटांच्या गटाच्या, योजनेत शासन यंत्रसामग्रीच्या खर्चाचा मोठा वाटा उचलतं, उरलेला सभासदांनी घालायचा. आपल्या फौंड्रीवाल्यांनी अशाच एकीतून साच्यांसाठी वापरलेली वाळू पुन्हा कामात आणायचा प्रकल्प केला. ही काळी वाळू टाकायची कुठे, हा एकेका फौंड्रीला न सुटणारा प्रश्न होता. तुझ्यासाठी याचा अर्थ असा की महागडं मापनयंत्र पहिल्या वर्षी विकत घेऊ नकोस. अहवालात ते 4 लाखांचं धरलंयस, ते काढून टाक आणि तपासणी बाहेरून करून घे. ते 4 लाख खेळत्या भांडवलात लाव.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण तुझ्या धंद्याचं नाही, पण बघण्यासारखं आहे. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. 2025 साली मिलानच्या प्रदर्शनात इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने तशाच चपला मांडल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही, तेव्हा बोलायला कायद्याचा आधार हातात होता. कारागिराच्या घरी तेवढ्याने पैसा आला असं मी म्हणणार नाही. पण एकट्या कारागिराला हे नाव राखणं कधीच जमलं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उधारी. काम पूर्ण भरलं, महिन्याचं बिल 1 लाख 44 हजार झालं, आणि काम देणाऱ्या पार्टीने नव्वद दिवसांनी पैसे दिले, तर सव्वाचार लाखांहून जास्त रक्कम सतत बाहेर. आपल्याकडची छोटी युनिटं कामाअभावी कमी आणि या अडकलेल्या पैशापायी जास्त बंद पडलेली मी पाहिली आहेत. यावर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार राज्य शासनाने नेमलेल्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे चालते. आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून अशी थकलेली रक्कम मोठ्या पार्टीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येते. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचे अकाउंटंट स्वतःहून उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या नोंदणीचं, प्रमाणपत्र मागायला लागले आहेत. ही नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. काम सुरू करायच्या आधी कर, म्हणजे पुढे कोणाला शंका काढायला जागा राहत नाही.

तक्रार करायला माणसं घाबरतात, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. ही भीती खरी आहे, मी तिला हसणार नाही. म्हणून भांडणाची वेळ येण्याआधीच्या सवयी लाव. उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची ओळ प्रत्येक बिलावर छापून घे. माल पोचल्याच्या चलनावर सही आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत येऊ देऊ नकोस. पन्नासाव्या दिवशी फोन, साठाव्या दिवशी मेल. आणि एकाच पार्टीवर निम्म्याहून जास्त काम कधी ठेवू नकोस, दर कितीही गोड असला तरी.

पुढच्या आठवड्यात केंद्रात जाशील तेव्हा सुधारलेला अहवाल, तीन पुरवठादारांची कोटेशन, गाळ्याच्या भाडेकराराचा मसुदा आणि काम देणाऱ्या दोन फौंड्र्यांची पत्रं सोबत ने. त्या पत्रांवर बँक मॅनेजर तुझ्या प्रमाणपत्रांपेक्षा जास्त वेळ थांबेल. उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं आहे, ते उरकून टाकायचं म्हणून करू नकोस. जिल्ह्यातली तुझ्याबरोबरची मुलं तिथेच भेटतील. मशीनवाला सवलतीचं आमिष दाखवून ॲडव्हान्स मागेल. बँकेचं मंजुरीपत्र हातात येईपर्यंत त्याला एक रुपयाही देऊ नकोस. योजना नव्या युनिटसाठी आहे, आणि आधीच घेतलेल्या मशीनवरून पात्रतेचा घोळ होऊ शकतो.

सुधारलेलं पहिलं पान आधी मला पाठव.

अनेक आशीर्वाद,
काका