खासगी कंपन्यांनी वयस्कर कर्मचाऱ्यांना सक्तीने निवृत्त करावे का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: खासगी कंपन्यांनी वय झालेल्यांना सक्तीने निवृत्त करावे का, आणि आपल्या वडिलांना ५८ पूर्ण होताच कंपनी निरोप देणार असेल तर त्यावर काही करता येते का. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. मात्र ते वय आधीपासून लेखी ठरलेले असावे आणि तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळणाऱ्या वाइंडरपासून जनरल मॅनेजरपर्यंत सर्वांना सारखे लागू व्हावे. मर्जीनुसार मिळणारी मुदतवाढ ही निवृत्तीपेक्षा वाईट प्रथा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात मी वाइंडिंग विभाग सांभाळत होतो. तेथे जवळच्या पादरा येथून रोज येणारे एक मिस्त्री होते, ज्यांना गुजराती, मराठी सगळेच काका म्हणत. कागद गुंडाळलेली तांब्याची पट्टी फिरत्या साच्यावर चढवताना ती किती ताणून धरायची, हे त्यांच्या हाताला कळत असे. आणि वेढा जरा सैल राहिला तर शॉर्ट सर्किटच्या धक्क्याने सगळी कॉइल जागची हलते, हे या कामातल्या माणसांना सांगायला नको. त्यांचे ५८ पूर्ण होत आले तेव्हा, हाताखालची दोन मुले तयार होईपर्यंत त्यांना ठेवावे, अशी टिप्पणी मी वर पाठवली. नियम सर्वांना सारखा आहे, असे उत्तर आले आणि ते मी मान्य केले. पण त्याच महिन्यात खरेदी खात्यातील त्याच वयाच्या एका अधिकाऱ्याला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली, आणि तिचे कारण कुठेही लिहिलेले नव्हते. दिवाळीनंतर काका पुन्हा त्याच मशीनवर उभे दिसले. या वेळी ठेकेदाराचा माणूस म्हणून, निम्म्या पगारावर, भरपगारी रजेशिवाय. म्हणजे माणूस निरुपयोगी झाला नव्हता, त्याला स्वस्त करून घेतले गेले होते.

पुढे माझे वय भरले तेव्हा मला मुदतवाढ देऊ करण्यात आली. ती मी नाकारली आणि नकाराचे कारणही लेखी दिले. दांडिया बाजारात राहणारे आमचे भावजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, स्वतः एका कंपनीत पर्सोनेल मॅनेजर होते. घरात आलेली लक्ष्मी मी परत पाठवली, असे ते आजही म्हणतात. कोण उपयोगाचा आणि कोण नाही हे व्यवस्थापनालाच ठरवू द्यावे, वयाचा आकडा काढूनच टाकावा, असे त्यांचे म्हणणे असते, आणि दाखला म्हणून ते अमेरिका व इंग्लंडचे नाव घेतात. अमेरिकेत १९८६ साली बहुतेक नोकऱ्यांतील सक्तीची निवृत्ती बंद झाली आणि ब्रिटनने ६५ची मर्यादा २०११ साली काढली, हे खरे आहे. पण त्या दोन्ही देशांत वयावरून भेदभाव केल्यास मालकाला कोर्टात खेचता येते. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी असा कायदाच नाही. त्या संरक्षणाशिवाय वयाची मर्यादा काढली, तर साहेबासमोर तोंड उघडणारा माणूस ५०व्या वर्षीच निरुपयोगी ठरेल.

भावजींना मी अनेकदा १९८१चा नर्गेश मिर्झा खटला सांगितला आहे. एअर इंडियाच्या नियमानुसार हवाई सुंदरी ३५व्या वर्षी निवृत्त होत, आणि ४५पर्यंत मुदत वाढवणे व्यवस्थापकीय संचालकाच्या हाती असे. सर्वोच्च न्यायालयाने वयाचा आकडा बाद केला नाही. मात्र मुदतवाढीचा तो बेलगाम अधिकार आणि पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवणारी अट रद्द केली. एअर इंडिया तेव्हा सरकारी महामंडळ होते, म्हणून तेथे समानतेचा मूलभूत हक्क थेट मागता आला. खासगी कंपनीविरुद्ध तो तसा मागता येत नाही. तरीही न्याय्य काय, हे त्या निकालावरून पुरेसे कळते.

५८ हाच आकडा योग्य, असे मात्र मी म्हणत नाही. गुजरात सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात, केंद्राचे १९९८पासून ६०व्या वर्षी, आणि शेजारच्या मध्य प्रदेशाने २०१८ साली ही मर्यादा ६२ केली. शिवाय खासगी नोकरदाराला निवृत्तीनंतर मिळते किती, हेही पाहिले पाहिजे. कर्मचारी पेन्शन योजनेत सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७०ने भागतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो पगार १५,००० रुपयांच्या वर धरला जात नाही. म्हणजे ३५ वर्षे राबलेल्या माणसाच्या हाती महिन्याला साधारण ७,५०० रुपये पडतात. मला मुदतवाढ नाकारणे जमले, कारण मुले मार्गी लागली होती आणि घर स्वतःचे होते. ज्याच्या मुलीचे शिक्षण चालू आहे त्याने नाकारावी, असे मी सांगणार नाही.

आपल्या वडिलांचे नेमणूकपत्र, कंपनीचे प्रमाणित स्थायी आदेश (म्हणजे नोकरीच्या अटींचे मंजूर नियम) आणि युनियनशी झालेला करार आधी वाचा. तेथे ५८पेक्षा अधिक वय लिहिलेले असेल तर श्रम आयुक्तांच्या कार्यालयात दाद मागता येते. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी. आणि पुन्हा कामावर बोलावणे आलेच, तर ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्यांनी नाव घालू नये. मोबदला, कामाचे तास आणि मुदत लिहिलेले कंपनीचे स्वतःचे पत्र हाती पडल्यावरच जावे.