पथकाचे स्कूबा सेट एकसारखे करताना आधी काय घ्यावं

दादा, तुमच्या नदीतल्या बचाव पथकाकडं देणगीतून आलेले पाच स्कूबा सेट, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन बुडी मारायचं साहित्य, पाच तऱ्हेचे आहेत, आता थोडे पैसे जमलेत, तर सगळं एकाच कंपनीचं घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, कंपनीचं नाव शेवटी बघा. कुठली वस्तू प्रत्येकाच्या अंगावर त्याच जागी आणि त्याच बाजूला पाहिजे, ते आधी कागदावर लिहा.

पावसाळ्यात पंचगंगेच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, सगळं चाचपून करायचं. आम्ही एकदा पोहण्याच्या तलावात मास्कच्या काचेला काळा कागद लावून सराव केला. माझी हवा संपलीय असं धरून मी जोडीदाराचा जादा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा श्वासाला देणारा तोंडात धरायचा भाग, शोधायचा होता. मी त्याच्या उजव्या बरगडीपाशी चाचपत राहिलो, आणि त्याच्या सेटला तो डावीकडं, जॅकेट फुगवायच्या नळीतच बसवलेला. अंतर फूटभराचं, पण सापडेना. पाणी पाच फूट होतं म्हणून हवा सोडत उभा राहिलो. शिवाजी पुलाखालच्या डोहात काय झालं असतं, हे त्या रात्री झोपताना डोक्यातून जाईना.

म्हणून पहिले पैसे रेग्युलेटर आणि सिलिंडरवर घाला. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला रेग्युलेटर जोडायचे दोन प्रकार असतात, योक म्हणजे पकडीचा आणि डिन म्हणजे आट्यांचा. कुठलाही घ्या, पण सगळे एकच, आणि भरायच्या कॉम्प्रेसरची नळीही त्यालाच बसणारी. सिलिंडरचं मापही एकच ठेवा, कारण काठावर दोर धरणारा वेळ मोजत असतो. १२ लिटरच्या सिलिंडरात २०० बार दाबानं भरलेली हवा म्हणजे साधारण २४०० लिटर हवा. काम करणारा माणूस पाण्याच्या वर मिनिटाला ३० लिटर हवा घेत असेल, तर १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून ६० लागतात. पूर्ण सिलिंडर ४० मिनिटं. तिसरा हिस्सा राखून ठेवला की २६ मिनिटं. एकाच्या पाठीवर १० लिटरचा असला तर त्याची २२ मिनिटंच होतात, आणि दोरवाला २६ धरून बसलेला असतो.

मुख्य हवा संपली तर म्हणून वेगळा छोटा सिलिंडर, त्याला स्वतःचा रेग्युलेटर, हे प्रत्येकाला हवंच. जाळी आणि जलपर्णी कापायला दोन हत्यारं, दोन्ही हातांना पोचतील अशी. नायलॉनच्या बारीक दोऱ्याला चाकूपेक्षा कात्री बरी.

पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्यात बांधायच्या शिशाच्या वजनाकडं नीट लक्ष द्या. तारकर्लीला समुद्रात शिकून आलेली पोरं तेवढंच शिसं नदीत बांधतात. गोड्या पाण्यात सामानासकट १०० किलोच्या माणसाला अडीच किलोच्या आसपास कमी लागतं. प्रत्येकाचा नदीचा आकडा पट्ट्यावरच लिहा, आणि पट्टा उजव्या हातानं एका झटक्यात सुटला पाहिजे, सगळ्यांचा. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या वर आहे, त्यामुळं डाइव्ह कॉम्प्युटरही, म्हणजे खोली आणि वेळ मोजून सुरक्षित वर यायचा हिशेब सांगणारं मनगटी यंत्र, उंचीचा हिशेब धरणारा आणि एकाच जातीचा घ्या.

नदीत सांडपाणी येतं, म्हणून पूर्ण चेहरा झाकणारा मास्क चांगलाच. पण एकच घेऊन काय उपयोग? पाण्यातला आणि काठावर तयार बसलेला, दोघांनाही तोच पाहिजे. साधा मास्क, बूट, फिन्स, सूट मात्र ज्याचे त्याचे, अंगाला बसणारे.

एक गोष्ट साहित्यानं सुटत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसलेले असताना दोन्हीकडच्या पाण्यात एक मीटरचा फरक पडला, तर फूटभर चौरस फटीवर नव्वद किलोंच्या आसपास ओढ बसते. तिथं आधी पातळी सारखी करून घ्या, तोवर कुणाला उतरवू नका.

जुने सेट सरावाला ठेवू, असं पथकात कुणीतरी म्हणेलच. ठेवू नका. ज्या सेटवर सराव होतो, अंधारात हात त्याच जागी जातो. देणगीदारांना भेटून समजावून सांगा, सेट विका आणि त्या पैशातून नव्या रेग्युलेटरांचे सर्व्हिस किट अन् ओ-रिंगा, म्हणजे हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या, घेऊन ठेवा.