हॅलोजन काढून एलईडी बल्ब टाकावा का?

तुमची गाडी २०१६ ची, रात्री ठाण्याच्या घोडबंदर रोडने परतताना नीट दिसत नाही, आणि दुकानदार म्हणतो एलईडी टाका, पोलीस विचारत नाहीत. माझं मत विचाराल तर नका टाकू.

एलईडी वाईट नाही. तुमच्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा आरशासारखा भाग, हॅलोजनसाठी घडवलाय, अडचण ती आहे. तुमच्याकडे बहुधा एच-फोर बल्ब असेल. काढून बघा. आत दोन तारा दिसतील, आणि डिपरच्या, म्हणजे खालच्या झोताच्या, तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी. ती खाली जाणारा उजेड अडवते, नाहीतर तोच रिफ्लेक्टरवर आपटून वर उडेल. एलईडीत तारेच्या जागी दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात, त्यामुळे हा सगळा हिशोब बिघडतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर डिपर मारा: हॅलोजनची आडवी रेघ स्वच्छ दिसते, डावीकडे जरा चढती. एलईडीने बहुतेकदा ती रेघ फिसकटते. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढउतारावर तो वर उडालेला झोत थेट समोरच्या बाइकवाल्याच्या डोळ्यात. तुम्हालाही फायदा कमीच. बॉनेटपुढचा रस्ता पांढराफटक दिसतो, डोळे त्यालाच सरावतात आणि पुढचा खड्डा अंधारातच राहतो.

पोलीस सहसा विचारत नाहीत, हे खरं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ समोरच्याचे डोळे दिपवणारा प्रकाश चालवून घेत नाही. शिवाय कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वायर कापून जोडकाम केलेलं असेल, तर शॉर्टसर्किटनंतर विम्याचा सर्व्हेअर प्रश्न विचारणारच.

आणखी एक. बऱ्याच एलईडीच्या मागे पंखा असतो, त्यावर हेडलाइटमागची रबरी कॅप नीट बसत नाही, मग मेकॅनिक ती कापतो. आपल्या पावसात हेडलाइटच्या आत वाफ धरायला तेवढं पुरतं.

त्यापेक्षा काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. बल्ब जुने असतील तर दोन्ही एकदम बदला, ६०/५५ वॉटचेच (अप्पर/डिपर); १००/९० ने होल्डर वितळू शकतो. आणि सगळ्यात आधी स्टिअरिंगजवळची, झोत वरखाली करणारी ० ते ३ आकड्यांची चकती बघा. ती ३ वर राहिली असेल, तर झोत बॉनेटच्या अगदी पुढ्यातच पडत असणार. एकटे चालवताना ० वर ठेवा.