पन्हाळा–पावनखिंड करणाऱ्यांना स्विस नॅशनल पार्कमधला माकूनचा ट्रेक एका दिवसात जमेल का?

तुम्ही चौघे कोल्हापूरचे, दरवर्षी पावसात पन्हाळा–पावनखिंड करता, सप्टेंबरात स्वित्झर्लंडला निघालाय. माकूनच्या तळ्यांची वाट एका दिवसात होईल का आणि तिथले नियम खरंच एवढे कडक आहेत का, असं तुम्ही विचारलंय. मीही कोल्हापूरचाच, पावनखिंडीच्या चिखलात लोळलेला आणि माकून चालून आलेला, म्हणून लिहितो.

होईल. दम तुमच्यात आहे, प्रश्न गुडघ्यांचा आणि तोंडाचा आहे.

आधी गुडघे. ट्रेक त्सेर्नेत्स गावातून सुरू होतो. ते गावच १,४७३ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा पावणेदोनशे मीटरच खाली. तिथून मुंट बासेल्जा या २,९४५ मीटरच्या माथ्यावर चढायचं, पलीकडे माकूनच्या पठारावर उतरायचं आणि तळ्यांजवळून पुढे खाली लाविन गावात. साधारण आठ तासांची चाल. जवळजवळ दीड हजार मीटर चढ आणि तेवढाच उतार, तोही एका दिवसात. पावनखिंडीचं अंतर मोठं असलं तरी ते दोन दिवसांत विभागलेलं असतं आणि मसाई पठारासारखा सपाट पल्ला मध्ये मिळतो. इथे तसं काही नाही. चढताना फक्त धाप लागते, मांड्या भरून येतात त्या लाविनच्या उतारावर. काठ्या न्याच. त्सेर्नेत्सहून प्लान सेचपर्यंत टॅक्सीने जाता येतं, त्यात निम्म्याच्या आसपास चढ वाचतो. त्यात कमीपणा मानू नका, आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा.

वर खडकांचा राडा आहे, झाड एक नाही. वाट पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवलेली असते. दुपारनंतर ढग जमले तर त्या धारेवर थांबायला आडोसा नाही, म्हणून सकाळी लवकर निघा. सप्टेंबरातही वर बर्फ पडू शकतो, हवामान बघूनच दिवस ठरवा. वाटेत हॉटेल, टपरी काही नाही. पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग सगळं पाठीवर घ्यायचं आणि केळ्याच्या सालीसकट कचरा परत आणायचा.

आता तोंड, म्हणजे नियम आणि गप्प बसणं. हा पार्क १ ऑगस्ट १९१४ ला सुरू झाला, आल्प्समधला पहिला. त्याआधी या डोंगरांतली जंगलं भट्ट्यांसाठी आणि मिठाच्या कारखान्यांसाठी भरपूर तोडली गेली होती, १९०४ मध्ये स्वित्झर्लंडमधलं शेवटचं अस्वलही याच भागात मारलं गेलं. मग काही शास्त्रज्ञांनी ठरवलं की इथे माणसाने कशालाच हात लावायचा नाही, बघू निसर्ग काय करतो. झाड पडलं तर पडलेलंच राहतं. शिकार नाही, चराई नाही, लाकूडतोड नाही. माकूनचं पठार त्यात २००० साली जोडलं गेलं.

म्हणून वाट सोडायची नाही. फोटोसाठी चार पावलंसुद्धा नाही, तळ्यात पाय बुडवायला तर नाहीच. तंबू नाही, शेगडी नाही, ड्रोन नाही, सायकल नाही, कुत्रं साखळीला बांधलेलंही चालत नाही. फूल, दगड, वाळकं लाकूड, काही उचलायचं नाही. रेंजर फिरत असतात, दंड होतो. दाजीपूरला गव्यांच्या जंगलात आपण वनखात्याच्या परवानगीने जातो, इथे तिकीट नाही की परवाना नाही, पण मोकळीक त्याहून कमी. मला हे पटतं. काही मित्रांना हे अति वाटतं, ‘पार्कात जाऊन वाटेवरच चालायचं असेल तर रंकाळ्यावर चाललो असतो’ असं ते म्हणतात.

आपल्या लोकांना सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. माथ्यावर पोचल्यावर ‘हर हर महादेव’ आपसूक ओठांवर येतं. तिथे गिळायचं. कारण शांत राहिलात तर मार्मोट (बिळात राहणाऱ्या मोठ्या डोंगरी खारी) शिट्टी मारताना ऐकू येतात, कधी मोठ्या शिंगांचे आयबेक्स (डोंगरी रानबोकड) दिसतात. तेही शिकारीमुळे या देशातून संपले होते, १९२० मध्ये पार्कात पुन्हा सोडले. दाढीवाल्या गिधाडांचंही तसंच, १९९१ ते २००७ या काळात इथे २६ पिल्लं सोडली गेली. मान वर करून बघायची सवय लावा, पण त्या खडकांत पाय थांबवून मगच.

विमा काढताना डोंगरातल्या हेलिकॉप्टर बचावाचा खर्च त्यात धरलाय ना, हे बघा. रेगा या बचाव सेवेचा नंबर १४१४ आहे, फोनमध्ये टाकून ठेवा.

चौघांपैकी एकाचाही गुडघा कुरकुरत असेल तर माकून सोडा आणि पार्कमधल्याच वाल त्रुप्चुन या दरीत जा. स्चान्फ गावाकडून चढ सौम्य आहे आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथे सांबरासारख्या मोठ्या लाल हरणांचे नर माजावर येऊन डरकाळ्या फोडतात. दुर्बीण न्या. आणि माकूनच केलंत तर लाविनहून त्सेर्नेत्सला परत यायची रेल्वे त्याच मार्गावर आहे, फक्त तिची वेळ सकाळीच बघून निघा.