मनाचे उपचार आणि ध्यान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिप्रेशनचा त्रास मला तिसऱ्यांदा झाला. गोळ्या आणि सीबीटीमुळे (विचारांच्या सवयी तपासून बदलणारी, बोलण्यातून चालणारी थेरपी) आता बरं आहे. तो उलटू नये म्हणून पहाटे अर्धा तास श्वासावर लक्ष ठेवून बसतो, पण पाच मिनिटांतच छाती भरून येते, घाबरायला होतं. काय चुकतंय?

अर्धा तास ही सुरुवातीला फार मोठी मात्रा झाली, आणि श्वासावर लक्ष देणं तुम्हाला सध्या मानवत नाही. घाबरण्याचा त्रास असलेला माणूस श्वासाकडे पाहू लागला की नकळत तो ओढू लागतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि ‘आता काहीतरी होणार’ हा विचार उसळतो.

पंधरा दिवस श्वास बाजूला ठेवा. खुर्चीवर बसा, डोळे उघडे, नजर दोन-तीन हात पुढे जमिनीवर. लक्ष तळपायांवर : टाच, चवडा, अंगठा. फक्त ३ मिनिटं, दिवसातून दोनदा. मन भरकटलं की मनात ‘विचार’ एवढंच म्हणून तळपायांकडे परत या. धडधड वाढली तर बसून राहण्याचा हट्ट नको. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, उठा, पाणी प्या. त्रास होत नसेल तर दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा.

सीबीटीशी सांधा जुळवताना एक गल्लत हमखास होते. सीबीटीत विचाराला प्रश्न विचारायचे असतात : याला पुरावा काय? सजगतेत, म्हणजे माइंडफुलनेसच्या ध्यानात, त्याला येऊ-जाऊ द्यायचं असतं. दोन्ही एकाच बैठकीत केलं तर डोक्यात नुसती कोर्टकचेरी चालते. ध्यान संपल्यावर वहीत दोन ओळी लिहा : कोणता विचार आला, अंगात कुठे जाणवला. विचाराची तपासणी संध्याकाळी करा आणि वही थेरपिस्टला जरूर दाखवा.

तुमच्यासाठी योग्य पद्धत म्हणजे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी बांधलेला ८ आठवड्यांचा कार्यक्रम. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला सजगतेचा सराव त्यांनी सीबीटीशी जोडला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन झालेल्यांमध्ये ते उलटण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं. दोनदाच झालेल्यांना मात्र फायदा दिसला नाही.

गोळ्या मनाने थांबवू नका. एकदम सोडल्या की चक्कर, मळमळ, निद्रानाश, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, आणि ध्यान करणाऱ्याला वाटतं की मनातली घाण बाहेर पडतेय. तसं नसतं. मात्रा मानसोपचारतज्ज्ञच हळूहळू उतरवतात.

प्रश्न : धाकट्या भावाला बायपोलर (टोकाची उदासी आणि टोकाचा उन्माद यांचा आजार) आहे, त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. घरचे त्याला दहा दिवसांच्या मौन शिबिराला आणि नंतर निसर्गोपचार केंद्रात उपासाला पाठवायचं म्हणतात. पाठवावं का?

दोन्ही नको. अशा शिबिरात रोज दहा तासांच्या आसपास ध्यान असतं, पहाटे चारला उठवतात. बायपोलरमध्ये झोप तुटली की मेनिया, म्हणजे उन्माद, उसळू शकतो. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात. कृपा करून तिथे आजार लपवू नका.

उपास तर जास्त धोक्याचा. लिथियम मूत्रपिंडांवाटे बाहेर जातं. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंडं मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतात. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची भीती. म्हणून लंघन, अळणी जेवण, वाफेचं स्नान, पंचकर्मातलं विरेचन (जुलाब देणं), सगळंच टाळा. हात नेहमीपेक्षा थरथरू लागले, जुलाब-उलट्या झाल्या, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा बोलणं जड झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लिथियमची पातळी तपासा.

त्याला खरोखर उपयोगी पडेल ते साधं आहे : झोपण्या-उठण्याची वेळ रोज तीच, जेवणाची वेळ ठरलेली, संध्याकाळी चालणं, हलकी आसनं. भस्त्रिका-कपालभातीसारखं जोरकस श्वसन डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर अश्वगंधा चालेल का?

डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्याही चालू असतील तर गुंगी वाढू शकते. थायरॉइडच्या गोळ्यांचं गणितही बिघडू शकतं. ‘सेंट जॉन्स वर्ट’ नावाच्या परदेशी कॅप्सूल मात्र या गोळ्यांबरोबर कधीच नकोत : सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढून ताप, थरथर, गोंधळलेपण येतं, जीवावरही बेतू शकतं. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून न्या. रात्री-अपरात्री मनाचा त्रास असह्य झाला तर टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.