टी-शर्ट विकणारा इंजिनीअर

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या रेसिंग टीममध्येही आहे. आता एका ऑटोक्रॉस (आखलेल्या मार्गावर वेळ लावून गाडी चालवण्याच्या) स्पर्धेसाठी ३०० टी-शर्ट, टोप्या आणि स्टिकर करून द्यायचं काम त्याने अंगावर घेतलंय. ‘पुढे हेच करणार’ असंही म्हणतोय. ‘गाड्या बनवायला पाठवला आणि हा कपडे विकतोय’ असं तुम्ही लिहिलंय.

त्याला हे काम करू द्या. मात्र त्याची डिझाइनं बघून भुलू नका आणि घाबरूही नका. चांगलं डिझाइन करणारे पुष्कळ मिळतात. या कामात पैसा बुडतो तो अंदाज चुकल्यामुळे. स्पर्धेची तारीख छापलेला टी-शर्ट दुसऱ्या दिवशी अर्ध्या किमतीलाही कोणी घेत नाही. म्हणून त्याला विचारा, ३०० हा आकडा आला कुठून? स्पर्धक, मार्शल (ट्रॅकवर झेंडे दाखवणारे, सुरक्षा बघणारे) आणि प्रायोजकांचे नग आधीच ठरलेले असतात, ते वेगळे काढायचे. प्रेक्षकांसाठी आगाऊ नोंदणी आणि पैसे घ्यायचे. जागेवर विकायला थोडेच ठेवायचे, त्यातही एम आणि एल जास्त, आणि त्यावर वर्ष छापायचं नाही. उरलेले स्टिकर पुढच्या स्पर्धेत खपतात, तारीख छापलेले टी-शर्ट नाही.

छपाईचंही तसंच. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे नग जास्त आणि रंग कमी असतील तर ते स्वस्त पडतं. वीस-पंचवीस नगांवर रंगीबेरंगी चित्र हवं असेल तर डीटीएफ (फिल्मवर छापून ते कापडावर उतरवणं) बरं. सब्लिमेशन (उष्णतेने शाई धाग्यात मुरवणं) सुती कापडावर बसत नाही, त्याला पॉलिएस्टरच लागतं. आणि इथे त्याचं इंजिनीअरिंग कामाला येईल: पेट्रोल भरणाऱ्या, गरम इंजिनाशी काम करणाऱ्या पोरांना पॉलिएस्टर देऊ नये. आग लागली तर ते वितळून कातडीला चिकटतं. रंगाचंही भान हवं. शर्यतीत पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे शर्यत थांबली. ट्रॅकच्या कडेला उभ्या मार्शलला त्याच रंगाचा टी-शर्ट घातला तर चालकाचा गोंधळ होऊ शकतो. कितीही छान दिसत असला तरी नाही! हे ज्याला आधी सुचतं, त्याला आयोजक पुन्हा बोलावतात.

आणखी एक गोष्ट कडक शब्दांत सांगा. फॉर्म्युला वन किंवा कुठल्या गाडीच्या कंपनीचा लोगो लेखी परवानगीशिवाय छापायचा नाही. ‘सगळेच छापतात’ हे उत्तर ट्रेडमार्क कायद्यापुढे चालत नाही.

आता करिअरचं. फक्त मोटरस्पोर्टच्या मर्चंडाइजवर पोट भरेल इतकं काम आपल्याकडे अजून नाही. पण हेच काम क्रिकेट, मॅरेथॉन आणि संगीत महोत्सवांनाही लागतं. रॉयल एनफील्ड, केटीएमसारख्या दुचाकी कंपन्या स्वतःच्या नावाचे कपडे विकतात. तिथे मर्चंडायझर (कुठला माल किती करायचा ते बघणारा), खरेदी, ब्रँड परवाने अशी कामं असतात. डिग्री मात्र पूर्ण करायला लावा. त्यानंतर निफ्टमध्ये (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) फॅशन मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी घेता येते. त्याला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि खारघरचा कॅम्पस तुम्हाला जवळचा. बी.ई. केलेल्यांना तिथल्या फॅशन टेक्नॉलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचीही वाट आहे.

त्याची टीम फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवेवर जात असेल, तर परतताना दोन दिवस तिरुपूरला काढायला सांगा. देशातलं होजिअरीचं सगळ्यात मोठं केंद्र तिथून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे. विणाईपासून शिलाईपर्यंत एकदा डोळ्यांनी बघू दे.

या स्पर्धेचा हिशेब मात्र त्याच्याकडून लिहून घ्या: कापड, छपाई, वाहतूक, फुकट वाटलेले नग, उरलेला माल. पैसे सुटले की बुडाले यापेक्षा किती नग उरले आणि का, हे त्याला सांगता येतं का ते बघा. तो कागद मला पाठवा, मग निफ्टच्या फॉर्मचं बोलू.