शरद लागल्याची चाहूल घरच्या बागेत कशी ओळखावी? पानं गळताना तर दिसत नाहीत.

पानगळ शोधूच नका, ती आपल्याकडे शिशिरात. जळगाव-धुळ्याकडे भुलाबाई बसल्या, म्हणजे भाद्रपद पौर्णिमा झाली, की सकाळी लवकर बागेत जाऊन बघा. पारिजातकाखाली सडा असतो, गवतावर आणि कोळ्याच्या जाळ्यांवर दव असतं, भिंतीवरचं हिरवं शेवाळ वाळून काळपट पडू लागतं. तेरड्याची बोंडं पिकलेली असतात, बोट लागताच फुटून बी उडवतात. ते बी पुढच्या पावसाळ्यासाठी नक्की ठेवा.

माझा सगळ्यात जास्त भरवसा शेवंतीवर आहे. २२-२३ सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होते आणि लांबत्या रात्री ओळखूनच शेवंती कळ्या धरते. म्हणून आता तिचे शेंडे खुडणं बंद करा. कुंडी रात्रभर दिव्याच्या उजेडात असेल तर हलवा, नाहीतर कळ्या यायला उशीर होतो.

गिलक्याचे वेल बुडाकडून पिवळे पडतात, ते वयानं. खत ओतू नका.

ऑक्टोबरचं ऊन मात्र फसवं. काळी माती वर भेगाळते, पण खाली ओल असते. बोट खुपसून बघा, मगच पाणी द्या. कोथिंबीर-पालकाची घाई नको, या उन्हात कोथिंबीर लवकर फुलावर जाते. गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर करा. ओल्या हवेत कापलेल्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत जातात.